पद्मिनीचा पत्रा, इंजिन आणि गाद्या: घरच्या शेडमधले काम

आमच्या काकाजींची 1979 सालची प्रीमियर पद्मिनी मोटार दारव्हा तालुक्यातील शेतावरच्या टिनाच्या शेडमध्ये, सरकीच्या पोत्यांच्या आडोशाला, बरीच वर्षे उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम मी घरीच केले. असे काम हाती घेऊ पाहणाऱ्यांना मी प्रथम हेच सांगतो की इंजिनाची धास्ती बाळगू नये. बाळगायचीच असेल तर पत्र्याची बाळगावी. इंजिनातल्या भागांना ठरलेली मापे असतात आणि गेज लावून ती तपासता येतात. पत्रा आतून किती गेला आहे, हे मात्र तो कापल्याशिवाय कळत नाही.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही. तळ, खांब, छत आणि दरवाज्यांखालून जाणारी पोकळ पेटी मिळूनच तिचा सांगाडा होतो. आमच्याकडच्या काळ्या मातीचा चिखल त्या पेटीची पाणी निचरण्याची छिद्रे बुजवतो, पाणी आत साचते आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून रंगाला फक्त बारीक फुगे आलेले दिसत होते, पण तिथे पेचकस टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. अशी पेटी एकदम कापून काढली तर गाडी मधोमध बसते आणि दरवाजे पुन्हा लागत नाहीत. म्हणून कापण्यापूर्वी खाली बाभळीचे ठोकळे दिले, दरवाज्याच्या मोकळ्या चौकटीत लोखंडी पाइप आडवा टाचून घेतला आणि एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरीला हात लावला. पुठ्ठ्याचा नमुना कापून त्यावरून 18 गेज जाडीचा पत्रा बेतला. सीओटू वेल्डिंगसाठी (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने होणाऱ्या) तालुक्याहून आलेला कारागीर सलग वेल्ड मारायला तयार नव्हता. “भाऊ, एका दमात मारलं तं पत्रा ओढते,” असे म्हणून तो दूर दूर टाके घाली, ते निवू देई आणि मगच मधल्या जागा भरी. लांबी, म्हणजे खोलगट जागा सपाट करणारा लेप, भरताना थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर जाऊ दिला नाही. जाड लांबी पुढे तडकते, मग वरचा रंग कितीही महागाचा असो.

रंगाचा मुहूर्त आपल्याकडे हवामान ठरवते. मे महिन्याच्या उन्हात थिनर इतक्या लवकर उडते की रंग सपाट पसरण्याआधीच वाळून खरबरीत होतो, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत फवारलेल्या रंगावर पांढुरकी झाक येण्याची भीती असते. दिवाळीनंतरचा काळ उत्तम, पण तेव्हाच कापूस वेचणीची धांदल आणि तिचा धुरळा. शेवटी शेडला आतून प्लास्टिक लावले, जमीन पाण्याने शिंपली आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंग सकाळच्या वेळी मारला. त्यातील हार्डनरची, म्हणजे रंग कडक करणाऱ्या द्रवाची, वाफ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे साध्या रुमालावर भागवू नये.

इंजिन 1089 सीसीचे, चार सिलिंडरचे आहे. पिस्टन अडकले होते. प्लगच्या छिद्रांतून तेल सोडून ते मुरू दिले आणि मग पुढच्या पुलीच्या नटवर पाना लावून हळूहळू फिरवले. बोअर (सिलिंडर आतून घासून नेमक्या मापाचे करणे) आणि हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, फेसिंग (तळ सपाट करणे) ही कामे यवतमाळला लेथवर दिली, कारण ती घरी होत नाहीत. अॅल्युमिनियमचे हेड गाडी तापली की वाकते, तेव्हा फेसिंग टाळण्यात काटकसर नाही. जोडणी घरीच केली. हेडचे नट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आणि ठरलेला जोर दाखवणाऱ्या टॉर्क पान्यानेच आवळावेत. सध्याच्या पेट्रोलमधील इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या सर्व नळ्या आणि पंपाचा पडदा नवीन घातला.

आतली वायरिंग उंदरांनी कुरतडलेली होती. ती जोडत बसण्यात अर्थ नसल्याने सगळी बदलली. गाद्यांच्या स्प्रिंगा शाबूत होत्या, त्यांवर नवा काथ्या आणि घरच्याच कापसाचा पिंजून घेतलेला थर देऊन वरून रेक्झिन शिवून घेतले. फोम स्वस्त पडला असता, पण पुढच्या त्या सलग बाकावर बसल्यावर फरक लगेच कळतो. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाल्या तरी तिचे सुटे भाग तिथे अजून मिळतात. काचेची रबरे मी तिथूनच ट्रॅव्हल्सच्या पार्सलने मागवली.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, आणि तपासणीत चासी क्रमांक स्पष्ट वाचता आला पाहिजे. म्हणून रंगापूर्वी त्यावर चिकटपट्टी लावावी, नाहीतर अंक बुजतात. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला व्हीए अक्षरांची व्हिंटेज नोंदणी घेता येते, परंतु तशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मला ती आठवडी बाजाराला न्यायची असल्याने, आमच्या गाडीला 50 वर्षे पूर्ण झाली तरी मी साधे नूतनीकरणच करीत राहणार आहे.