तुम्ही विचारलंत म्हणून: माझा वैमानिक जर्मनच का?

‘कॉल ऑफ क्थुलू’ हा टेबलाभोवती बसून पात्रं साकारायचा खेळ खेळायला नवीन कुणी आलं आणि माझं कॅरेक्टर शीट (माझ्या पात्राची माहिती लिहिलेला कागद) पाहिलं, की हमखास विचारतं: पहिल्या महायुद्धातला वैमानिकच हवा होता, तर इंग्रज घ्यायचा, फ्रेंच घ्यायचा. हरलेला जर्मन कशाला?

हरलेला आहे, म्हणूनच.

सँडी पीटरसन यांनी रचलेला हा भयखेळ 1981 साली आला. राक्षस मारून खजिना लुटायचा हा खेळ नव्हे. इथे जिवासारखीच सॅनिटीही, म्हणजे मनाचा तोल, आकड्यांत मोजतात आणि भलतंसलतं काही दिसलं की ती उतरते. कथा बहुतेकदा 1920च्या दशकातल्या असतात. त्या काळात सगळं हातातून निसटलेला माणूस शोधायचा, तर मला तरी जर्मन वैमानिकच आठवतो.

नोव्हेंबर 1918च्या युद्धविरामात जर्मनीने 1,700 विमानं सोपवावीत असं ठरलं. त्यात फोकर डी-7 ही लढाऊ विमानं सगळीच्या सगळी, असं नाव घेऊन म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी व्हर्सायच्या तहाने हवाई दल ठेवायलाच बंदी केली. माझ्या शीटवर विमान चालवण्याचं कौशल्य 70 टक्के आहे. न शिकलेल्याचं 1 टक्का असतं. एवढं कौशल्य अंगात घेऊन आमचे लेफ्टनंटसाहेब (माझ्या पात्राला टेबलावर सगळे असंच म्हणतात) 1923च्या बर्लिनमध्ये भाड्याच्या खोलीत दिवस काढतात. त्या नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत होते.

त्यांच्या सवयी मी त्या काळच्या विमानांतूनच उचलल्या. त्रिपंखी फोकरच्या रोटरी इंजिनात एरंडेल घालत. इंजिन स्वतःच गरगर फिरे आणि न जळलेलं तेल वैमानिकाच्या तोंडावर उडे. चष्मा पुसत सारखं मागे वळून बघायचं, म्हणून मान सोलवटू नये यासाठी रेशमी स्कार्फ. त्यात 1917 साली या विमानांचे वरचे पंख उडतानाच मोडू लागले. हाइनरिख गोंटरमान त्यातच गेला. शत्रू राहिला बाजूला, स्वतःच्या विमानाचाही भरवसा नाही. म्हणून लेफ्टनंटसाहेब कुठल्याही खोलीत शिरले की आधी वर बघतात. आमच्या कीपरने (खेळ चालवणारा, कथा सांगणारा) याचा एकदा असा उपयोग केला की सगळं टेबल गप्प झालं.

पण खरी भीती वेगळीच आहे. युद्धातून थरथरत परतलेल्या सैनिकांवर जर्मन डॉक्टरांनी विजेच्या झटक्यांचे उपचार केले. 1926 साली तर असे मानसिक त्रास युद्धामुळे होतच नाहीत असं धरून त्यांचा पेन्शनचा हक्क नाकारला गेला. अशा माणसाने ढगात काहीतरी पाहिलं, तर तो सांगणार कुणाला? त्याला स्वतःलाच वाटणार, नसा गेल्या आपल्या. खेळातला एक नियम इथे फार चपखल बसतो: एका झटक्यात पाच किंवा जास्त सॅनिटी गेली की बुद्धीचा फासा टाकायचा. फासा फसला तर मन ती गोष्ट दाबून टाकतं. जमला, तर जे पाहिलं ते पुरतं उमगतं आणि भान सुटतं. इतका क्रूर आणि इतका खरा नियम मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही.

मग पुढचा प्रश्न येतो: हा पुढे नाझी होणार ना? प्रश्न रास्त आहे. ‘रेड बॅरन’ म्हणून गाजलेला जर्मन वैमानिक रिश्तहोफेन याच्या तुकडीचा शेवटचा प्रमुख हेरमान ग्योरिंग होता, पुढे हिटलरचा उजवा हात झालेला. आणि त्याच आकाशात 17 विमानं पाडणारा फ्रिट्झ बेकहार्ट ज्यू होता. पुढे त्याला बुखेनवाल्डच्या छळछावणीत डांबलं गेलं. आपल्याला 1933, म्हणजे हिटलर सत्तेवर आला ते वर्ष, माहीत आहे, लेफ्टनंटसाहेबांना नाही, आणि मी खेळताना त्यांना ते कळू देत नाही. मात्र शीटवर ‘महत्त्वाची माणसं’ या रकान्यात मी त्यांच्या तुकडीतला एक ज्यू सोबती लिहून ठेवला आहे. वेड लागलं की या रकान्यांतला मजकूर बदलायची मुभा कीपरला असते. त्या ओळीला त्याने हात लावू नये, यासाठी मी सॅनिटीचा प्रत्येक फासा जीव तोडून टाकतो.