न्यू जर्सीत घर घेताना टायटल इन्शुरन्स: माझा अनुभव

टायटल इन्शुरन्स म्हणजे घराच्या मालकीत पुढे दोष निघाला तर भरपाई देणारा विमा. त्याची पॉलिसी हातात पडते ती क्लोजिंग (पैसे देऊन घर आपल्या नावावर करण्याचा शेवटचा टप्पा) उरकून काही आठवडे झाल्यावर, आणि तोवर ती वाचून फारसा उपयोग उरलेला नसतो. वाचायची ती कमिटमेंट, म्हणजे कंपनी कोणत्या अटींवर विमा देईल हे क्लोजिंगआधी सांगणारा कागद. करार झाला, कामकाजाच्या तीन दिवसांचा अ‍ॅटर्नी रिव्ह्यू (वकिलांनी करार तपासण्याची मुदत) आटोपला की वकील टायटल सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, मागवतात आणि त्यातून हा कागद येतो. माझा बराचसा वेळ यावरच गेला.

त्यातलं शेड्यूल ए पटकन उरकतं. नावाचं स्पेलिंग, ब्लॉक आणि लॉट नंबर (जमिनीचा ओळखक्रमांक), ओनर्स पॉलिसीची (आपल्यासाठीच्या विम्याची) रक्कम खरेदीच्या किमतीएवढी आहे ना, एवढं पाहिलं की झालं.

शेड्यूल बीचा पहिला भाग म्हणजे क्लोजिंगपूर्वी कोणी काय निस्तरायचं याची यादी. विकणाऱ्याचं जुनं कर्ज फेडणं त्यात असतंच. जास्त त्रास देते ती घरावरची क्रेडिट लाइन, म्हणजे घर तारण ठेवून हवे तेव्हा पैसे उचलायची सोय. बाकी शून्य केली तरी ती आपोआप बंद होत नाही. नुसते पैसे पाठवून लाइन बंद करायचं सहीचं पत्र दिलं नाही, तर विकणारा त्यातून पुन्हा पैसे उचलू शकतो आणि बोजा घरावर तसाच राहतो. ते पत्र गेलं का, हे वकिलांना स्पष्ट विचारावं. विकणाऱ्याचं लग्न झालेलं असेल आणि दोघं त्या घरात राहत असतील, तर डीडवर (खरेदीखतावर) नाव नसलेल्या जोडीदाराचीही सही लागते.

याच भागात कोर्टाच्या निवाड्यांचा (कोणाकडे देणी निघतात याचा) शोध येतो, विकणाऱ्याच्या नावाने आणि आपल्याही. शोध नावावरून चालतो, त्यामुळे जोशी, पाटील, शहा, पटेल असं आडनाव असलं की भलत्याच माणसाची थकबाकी आपल्या यादीत येऊन बसते. मग ‘तो मी नव्हे’ असं नोटरीसमोर लिहून द्यावं लागतं. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं, दुसऱ्या कागदावर नुसतं आद्याक्षर, लग्नानंतर आडनाव वेगळं, अशी आपली तऱ्हा असते. नावाची सगळी रूपं आधीच कळवली तर शेवटच्या दिवशी धावपळ होत नाही.

दुसरा भाग अपवादांचा, म्हणजे विमा ज्याची जबाबदारी घेत नाही ते. खरी मेख इथे. शेजाऱ्याचं कुंपण दोन फूट आत आलंय का, हे नवा सर्व्हे (जमिनीची मोजणी) केल्याशिवाय कळत नाही. सर्व्हे दिला की ‘सर्व्हेत दिसेल ते सगळं वगळून’ हा मोघम अपवाद निघतो आणि प्रत्यक्ष जे सापडलं तेवढंच लिहिलं जातं. सर्व्हेचे पैसे वाचवणं मला तरी पटत नाही. खाडी किंवा ओढा जवळ असेल तर टाइडलँड्सचा शोध नीट बघावा: जिथे कधीकाळी भरतीचं पाणी येत होतं, त्या जमिनीवर राज्य मालकी सांगू शकतं, आज तिथे अंगण असलं तरी.

लेंडरची (कर्ज देणाऱ्याची) पॉलिसी बँक घ्यायलाच लावते. ओनर्स पॉलिसीपुढे ‘ऐच्छिक’ लिहिलेलं असतं, म्हणून काही जण ती गाळतात. ६ लाख डॉलरच्या घरात १.२ लाख आपले आणि ४.८ लाख कर्ज असेल, तर लेंडरची पॉलिसी फक्त त्या कर्जाची राखण करते. पूर्वीच्या डीडवरची सही खोटी निघाली किंवा एखादा वारस पुढे आला, तर आपल्या १.२ लाखांना कोणी वाली नाही. कौंटी क्लर्क (जिल्ह्याचा नोंदणी अधिकारी) डीड नोंदवतो, मालकीची हमी देत नाही. आपल्याकडे भारतात खरेदीखत नोंदवल्याने मालकी निर्विवाद होत नाही, तसंच. ओनर्स पॉलिसीत दाव्याच्या वकिलाचा खर्चही कंपनी उचलते. हप्ता एकदाच भरायचा, आणि घर आपल्या किंवा वारसांच्या नावावर असेतो संरक्षण राहतं. राज्यात हप्त्याचे दर ठरलेले असतात, त्यामुळे घासाघीस करायची ती सर्च आणि सेटलमेंटच्या (क्लोजिंग पार पाडण्याच्या) फीवर.

साध्या पॉलिसीत रक्कम खरेदीच्या किमतीवर थांबते. होमओनर्स या जादा संरक्षणाच्या प्रकारात ती वर्षाला १० टक्क्यांनी, पाच वर्षांत १५० टक्क्यांपर्यंत वाढते. झोनिंग (जमीन वापराचे नियम), पुरलेली तेलाची टाकी, आपल्याला ठाऊक असून लपवलेली गोष्ट, यांतलं काही साध्या पॉलिसीत धरलं जात नाही.

क्लोजिंगआधी नोटीस ऑफ सेटलमेंट (व्यवहार होणार असल्याची कौंटीतली सूचना) नोंदवली आहे का ते विचारावं. ती ६० दिवस चालते आणि मधल्या काळात विकणाऱ्यावर आलेला बोजा आपल्या माथी बसत नाही. नंतर काही महिन्यांनी कौंटीच्या नोंदींत जुन्या कर्जाचा डिस्चार्ज (कर्ज फिटल्याची नोंद) चढला का ते पाहावं. नसेल तर पॉलिसीचा नंबर घालून टायटल कंपनीला लेखी कळवावं.