तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा मजबूत बुश झिजला कसा?

हिंगण्याच्या एमआयडीसीत मी इपॉक्सीचे (घट्ट होऊन कडक बनणाऱ्या राळेचे) भाग बनवतो हे ज्यांना ठाऊक आहे, ते सगळे एकच विचारतात: काचतंतूंमुळे ताकद कित्येक पटींनी वाढते, तर डाळमिलमधला तुमचा बुश (फिरत्या शाफ्टला, म्हणजे दांड्याला, आधार देणारी नळी) तीन आठवड्यांत झिजला कसा? ताकद जास्त तर झीज कमी, ही या प्रश्नामागची समजूत एके काळी माझीही होती.

ताण तंतू पेलतात, पण घर्षणात तंतूंना धरून ठेवणाऱ्या इपॉक्सीची परीक्षा होते. खरखरीत घर्षणात नुसती ताकद पुरत नाही, तुटण्यापूर्वी पदार्थ किती ताणला जातो हेही मोजावे लागते. आणि काच घातल्यावर नेमके तेच घटते.

मी चाचणी केली नव्हती, असे कोणी म्हणू नये. जानेवारीत, बंद खोलीत, फिरत्या पोलादी चकतीवर नमुना दाबून मी तासन्‌तास झीज मोजली होती आणि आकडे उत्तम होते. बुश बसवला मे महिन्यात. बाहेर 45 अंश, पत्र्याच्या छताखाली त्याहून अधिक, वर घर्षणाची उष्णता. खोलीच्या तापमानालाच घट्ट होऊ दिलेले इपॉक्सी अनेकदा 50 ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, हे मी वाचलेले होते. तरीही माल लवकर द्यायचा म्हणून भट्टीत तापवून पक्के करण्याची पायरी मी गाळली. इपॉक्सी सैल झाले, तंतू सुटून मोडले, त्यांचा चुरा तुरीच्या धुळीत मिसळून बुश आणि शाफ्टच्या मध्ये अडकला आणि सहाणेसारखा दोघांनाही खात राहिला. मालकांनी शाफ्ट माझ्या हातात दिला, तेव्हा त्यावरच्या चरांत नख अडकत होते. बुश माझा होता, शाफ्ट त्यांचा. त्याची भरपाई मी दिली, पण त्या हंगामात बंद राहिलेल्या दिवसांची देऊ शकलो नाही.

धुळीपासून बचावाचे झाकण त्यांनी काढून ठेवले होते, हेही खरे आहे. ते असते तर बुश टिकला असता, असे मी बरीच वर्षे म्हणत आलो. आज तेवढ्या खात्रीने म्हणवत नाही, कारण उष्णतेला झाकण अडवत नाही.

आता मी ग्राफाइट मिसळतो. त्याचा पातळ थर शाफ्टवर बसतो आणि घर्षण उतरते. ओढताण सोसण्याची ताकद मात्र काहीशी कमी भरते, आणि गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच आकडा विचारते. कोरड्या, स्वच्छ जागी हा बुश चांगला चालतो. त्याच मिलच्या धुळीत किती चालेल, हे त्या मालकांनी पुन्हा संधी दिल्याशिवाय मला सांगता येणार नाही.