जिप्सीची ट्रान्सफर केस आणि मागचा शाफ्ट

उतारावर माझ्या मारुती जिप्सीचा लो गिअर सटकायला लागला, तेव्हा ट्रान्सफर केस बदलायचं ठरवलं. ट्रान्सफर केस म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारी पेटी; नेहमीची हाय आणि हळू, ताकदीची लो या रेंज तिच्यातच असतात. दगडधोंड्यांच्या वाटेवर लो सुटला की इंजिनाचा ब्रेकच जातो, गाडी मोकळी धावते. हे चालवून घेण्यासारखं नाही.

जिप्सीचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं, त्यामुळे नव्या केसचा नाद सोडला. जुनी मिळाली, ती खोलून बेअरिंग आणि ऑइल सील नवीन टाकून घेतले. या गाडीत केस गिअरबॉक्सला जोडून येत नाही. ती मागे वेगळी, तीन रबरी माउंटिंगवर चासीला धरलेली असते. गिअरबॉक्सपासून केसपर्यंत एक आखूड शाफ्ट, पुढे दोन्ही अ‍ॅक्सलकडे एकेक. केस उतरवायची म्हणजे तिन्ही शाफ्ट सोडायचे, आणि माझ्या मते खरं काम या शाफ्टचंच आहे.

मागच्या शाफ्टच्या स्प्लाइनला, म्हणजे सरकत्या जोडाच्या दात्यांना, हाताने पिळलं तरी कळेल एवढा प्ले (ढिलेपणा) होता. नुसते क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट) बदलून तो जाणार नव्हता, म्हणून दुसरा शाफ्ट आणला. तो फरशीवर आडवा ठेवून पाहिला, तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुहेरी कान) एका रेषेत नव्हते. आधी कुणीतरी स्लिप जॉइंट, म्हणजे तो स्प्लाइनचा सरकता जोड, एक दाता चुकवून घातला होता. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल आणि योक सरळ असतील, तरच तो फरक भरून निघतो. नाहीतर गाडी थरथरते, आणि माणूस उगाच टायर बॅलन्स करत बसतो. जॉइंट ओढून काढला, साफ केला, योक जुळवून पुन्हा घातला आणि दोन्ही भागांवर पंचने खूण केली. ग्रीस भरलं. एक क्रॉस एका बाजूला अडकत होता, तोही बदलला.

केस जॅकवर उचलून जागेवर आणली, पण माउंटिंगचे बोल्ट ढिलेच ठेवले. आधी आखूड शाफ्ट जोडून केस सरळ बसू दिली, मग बोल्ट आवळले. याच शाफ्टची एवढी काळजी का? 1.3 लिटरच्या जिप्सीत हाय रेंजलाही 1.409 चं रिडक्शन आहे. म्हणजे मागचा शाफ्ट एक फेरा मारतो तेव्हा आखूड शाफ्ट जवळजवळ दीड फेरा मारतो, लोमध्ये तर 2.268. त्यात जरासा वाकडेपणा असला तरी तो सगळ्यात आधी जाणवतो. माउंटिंगचं रबर चिरलेलं असेल तर जुनंच वापरू नका, त्या पैशांची बचत करण्यात अर्थ नाही.

मागचा शाफ्ट गाडी चाकांवर उभी असताना जोडला, कारण स्लिप जॉइंट किती आत-बाहेर राहतो ते तेव्हाच खरं कळतं. फ्लँजचे चारही नट थोडे थोडे, समोरासमोर आवळले. केसमध्ये ऑइल भरलं.

हायवेवर 80 पर्यंत नेली, फ्लोअर शांत. उतारावर लो टिकला. थोडी चालवून आल्यावर पुन्हा खाली शिरून सगळे नट तपासले, तर आखूड शाफ्टचे दोन अजून थोडे आवळले गेले.