रात्रपाळी आणि दहा हजार येनची नोट

शनिवार, रात्री साडेअकरा

भाचा परवा जपानहून आला. म्हणाला, "मामा, डोळे मिटा," आणि दहा हजार येनची कोरी नोट हातावर ठेवली. २०२४ च्या जुलैपासून तिच्यावर जुन्या काळचा जपानी उद्योजक एइइची शिबुसावा आहे. मागच्या बाजूला टोकियो स्टेशन. त्या इमारतीच्या विटा शिबुसावाच्याच फुकाया गावच्या, त्यानेच उभारलेल्या कारखान्यातल्या. आज दिवसभर ती नोट टेबलावर आहे आणि मी त्याच्याविषयी जुनं वाचलेलं आठवत बसलोय.

शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १८४० चा. घरी नीळ आणि रेशीम. चौदाव्या वर्षी एकटा गावोगाव फिरून निळीची पानं पारखून घ्यायचा. पुढे त्याने नीळ पिकवणाऱ्यांची सुमो मल्लांसारखी क्रमवारी छापली आणि ज्याचा माल सरस त्याला जेवणाच्या पंगतीत मानाच्या जागी बसवलं. मला हा तरुण फार आवडतो. सतरा वर्षांचा असताना अंमलदाराने त्या काळच्या सोन्याच्या नाण्यांत ५०० र्‍यो मागितले. वडिलांच्या वतीने गेलेला हा म्हणाला, घरी विचारून सांगतो. त्यावर भरपूर अपमान गिळावा लागला. शेतकऱ्याने पैसा द्यायचा आणि वर शिव्याही खायच्या, हे त्याला आयुष्यभर डाचलं असावं.

१८६७ मध्ये पॅरिसला गेला. तिथे एक सावकार आणि एक कर्नल बरोबरीने बोलताना पाहिले. जपानात सामुराईपुढे व्यापाऱ्याने मान वर करायची नाही, अशा काळातली ही गोष्ट. परतल्यावर काही वर्षं अर्थखात्यात काढली, १८७३ मध्ये नोकरी सोडली आणि पहिली राष्ट्रीय बँक हाती घेतली. त्याचा हात लागलेल्या कंपन्या सुमारे ५०० भरतात. एका हातात कन्फ्यूशियसची वचनं, दुसऱ्या हातात मण्यांची पाटी, असं तो सांगायचा. मित्सुबिशीच्या इवासाकीला सगळी सत्ता एका हातात हवी होती, याला अनेकांचं भांडवल. दोघांचं कधीच जमलं नाही.

मुंबईशीही त्याचं नातं आहे. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले, शिबुसावाला भेटले. कापसाच्या वाहतुकीवर परदेशी जहाज कंपन्यांची पकड होती. त्याच नोव्हेंबरात जपानी आगबोटी मुंबईला येऊ लागल्या. जुन्या कंपनीने दर पार तळाला नेले, पण जपानी गिरणीवाले आपल्याच बोटींतून कापूस आणण्याच्या शब्दाला धरून राहिले. स्वस्त मिळत असताना महाग भाडं भरायचं, ही साधी गोष्ट नव्हे.

आणि इथेच माझं मन अडकतं. तो कापूस जात होता ओसाकासारख्या शहरांतल्या गिरण्यांत. शिबुसावाने उभारलेली ओसाकाची गिरणी १८८३ मध्ये १०,५०० चात्यांनी सुरू झाली आणि लगेच रात्रंदिवस चालू लागली. आधी रॉकेलचे दिवे, १८८६ पासून विजेचे. रात्री साच्यावर उभ्या असत त्या बहुतेक गरीब घरच्या मुली. माझे आजोबा परळला गिरणीत होते. रात्रपाळी करून सकाळी घरी आले की डोळे लाल, केसांत कापूस, आणि जेवण न करताच ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. नीतीच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाच्या गिरणीत रात्रपाळी होती, हे मला विसरता येत नाही. कारखाना कायद्यालाही त्याने सुरुवातीला विरोध केला होता. पुढे मत बदललं.

तरी त्याला मी खोटा म्हणणार नाही, त्या अनाथ-निराधारांच्या आश्रमामुळे. टोकियोच्या योइकुइनचं काम त्याने पन्नासहून जास्त वर्षं, मरेपर्यंत पाहिलं. करातून पोसलं की गरीब आळशी होतात, असं म्हणत प्रांतिक सभेने १८८५ मध्ये पैसा थांबवला, तेव्हा देणग्या मागत त्याने ती संस्था तगवली. कंपन्यांच्या यादीत न येणारं हे काम मला पाचशेंहून मोठं वाटतं.

१९३० चा हिवाळा. वय नव्वद, आजारी, अंथरुणात. गरिबांना मदत देणारा कायदा मंजूर झालेला, पण पैसा नाही म्हणून रखडलेला. समाजसेवक भेटायला आले. डॉक्टर नको म्हणत होते, घरचे नको म्हणत होते. तो उठला, कपडे चढवले आणि मोटारीतून मंत्र्यांकडे गेला.

कायदा अमलात आला १ जानेवारी १९३२ ला. त्याआधी सात आठवडे, ११ नोव्हेंबरला, तो गेला होता.

नोट आजोबांच्या फोटोमागे ठेवली आहे.