हार्ट अटॅकचे पेशंट हृदयविकाराच्या लिस्टमध्ये का येत नव्हते : माझा अनुभव

काम साधंच वाटलेलं. डॉक्टर मॅडमना हृदयविकाराच्या सगळ्या पेशंटची लिस्ट हवी होती, मी ५६२६५००१ हा कोड टाकून क्वेरी मारली आणि मोजकीच नावं आली. कारण हार्ट अटॅकवाल्यांची नोंद २२२९८००६ या कोडखाली, आणि हार्ट अटॅक हाही हृदयविकारच, हे डेटाबेसला कोण सांगणार?

ते सांगणारं स्नोमेड सीटी आहे, म्हणजे वैद्यकीय संकल्पनांचा कोडसकट आणि आपसातल्या नात्यांसकट आंतरराष्ट्रीय संग्रह; वरचे दोन्ही कोड त्यातलेच. साडेतीन लाखांच्या वर संकल्पना, भारत २०१४ पासून सदस्य असल्यामुळे आपल्याला वापरायला फुकट, आणि इथलं त्याचं काम पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतूनच चालतं. स्नोमेड ज्या स्वरूपात मिळतं त्या आरएफ२ फाइली आउलमध्ये (व्याख्या तर्काच्या रूपात लिहायची भाषा) बदलून घेतल्या, प्रोटेजे या एडिटरमध्ये उघडल्या, हर्मिट हा रीझनर, म्हणजे व्याख्यांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम, चालू केला आणि घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर मेमरी संपून बंद पडलेला.

मग एल्क हा दुसरा रीझनर लावला, मिनिटाच्या आत कोणती संकल्पना कोणाखाली येते ती सगळी उतरंड तयार! मी दोनदा चालवून बघितलं, खरंच वाटेना. हा फरक मशीनचा नाहीच, भाषेचा आहे. स्नोमेड जवळपास पूर्ण आउल २ ईएल या आउलच्या मर्यादित पोटभाषेत बसतं, तिथे "आणि" चालतं, "असं काहीतरी एक आहे" चालतं, पण "नाही" आणि "फक्त" असलं काही म्हणता येत नाही, त्यामुळे रीझनरला एकेक शक्यता धरून फाटे फोडत बसावं लागत नाही.

पण माझ्या स्वतःच्या पुरवणी व्याख्यांमध्ये मी उलटी नाती वापरली होती, "हे निदान अमक्या पेशंटचं" अशी. ईएलमध्ये ती बसत नाहीत, एल्क ती विधानं सोडून देतो, थांबत नाही, लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकतो आणि पुढे जातो. मी लॉग बघितलाच नव्हता आणि दोन दिवस उत्तरं अर्धवट येत होती. प्लीज, लॉग वाचा. सगळ्या व्याख्या "पेशंटला अमुक निदान आहे" अशा सरळ दिशेने परत लिहिल्या तेव्हा जुळलं.

पेशंटच्या नोंदी मात्र रीझनरमध्ये घातल्याच नाहीत. एल्कच्या निकालातून पूर्वज आणि वंशज अशा दोन कॉलमचं टेबल पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये भरलं, ते पेशंटच्या नोंदींना कोडवरून जोडणारा साधा जॉइन. स्नोमेडची नवीन आवृत्ती आली की तेवढं टेबल परत भरायचं.

मॅडमना लिस्ट दिली तेव्हा त्यांनी आधी हार्ट अटॅकवाली नावं शोधली. सगळी होती.