आई-बाबांबरोबर युरोप: अ‍ॅमस्टेलवेन, कोलोन आणि पॅरिस

सत्तरीच्या आसपासच्या माणसांना युरोपात दमवतात त्या रोज भरायच्या आणि रोज उघडायच्या बॅगा. दोन आठवड्यांत सात-आठ देश दाखवणाऱ्या सहली म्हणूनच आई-बाबांसाठी बाद केल्या. नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टेलवेनला आईचा भाचा राहतो आणि जर्मनीत कोलोनला बाबांची भाची. मुक्काम अ‍ॅमस्टेलवेनच्या घरी, तिथून जाऊन-येऊन अ‍ॅमस्टरडॅम, मग कोलोन आणि शेवटी पॅरिस, असा आमचा मार्ग ठरला. नातेवाइकांचं घर हाताशी असलं की दुपारी घरी येऊन पाठ टेकता येते, आणि या वयात निम्मी सहल त्या दुपारच्या झोपेवर तरते.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच, पण अर्ज कोणत्या देशाकडे करायचा ते नियमात बसवून ठरवावं लागतं. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज जातो, आणि रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार तिथे. तारखा मिळत नाहीत म्हणून दुसऱ्याच देशाकडे अर्ज टाकला तर तो नाकारला जाऊ शकतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान 15 दिवस आधी तरी तो द्यावाच लागतो. उन्हाळ्यासाठी अपॉइंटमेंट लवकर भरतात, त्यामुळे दोन-तीन महिन्यांचं अंतर ठेवलेलं बरं. मोठ्यांसाठी फी 90 युरो आहे.

नातेवाइकांकडे उतरणार असाल तर साधं निमंत्रणाचं पत्र पुरत नाही, आणि इथे प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. नेदरलँड्समध्ये यजमानाला सरकारी फॉर्म भरून नगरपालिकेत जाऊन सही प्रमाणित करून घ्यावी लागते. खर्चाची हमीही तोच देणार असेल तर पगाराच्या स्लिपा आणि नोकरीचा करार जोडावा लागतो. जर्मनीत हमीपत्र परदेशी नागरिकांच्या कार्यालयात होतं, त्याची फी 29 युरो. फ्रान्समध्ये ते 'मेरी'त, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत मिळतं, 30 युरोच्या मुद्रांकावर. मूळ कागद कुरियरने भारतात पाठवावा लागतो, त्यामुळे भाच्याला किंवा पुतण्याला दोन महिने आधीच सांगून ठेवावं. शेवटच्या आठवड्यात तगादा लावला तर त्याला कामावरून रजा काढून पालिकेची वेळ घ्यावी लागते.

विमा निदान 30,000 युरोचा लागतो, पण ही रक्कम फक्त व्हिसापुरती. मधुमेह, रक्तदाब, बायपास असं काही आधीपासून असेल तर पॉलिसीतलं 'पूर्वीचे आजार' हे कलम नीट वाचा. बऱ्याच स्वस्त पॉलिसी असे आजार सरळ वगळतात. काही पॉलिसी जीवावर बेतलं तरच आणि ठरावीक रकमेपर्यंतच पैसे देतात. आम्ही जास्त हप्ता भरून पूर्वीचे आजार धरणारी पॉलिसी घेतली आणि विमा कंपनीचा मदतीचा नंबर दोघांच्याही पाकिटात कागदावर लिहून ठेवला. दवाखान्यात भरती होण्याआधी त्या नंबरावर फोन करणं ही बहुतेक पॉलिसींची अट असते.

बोटांच्या ठशांचंही सांगतो. वय झालं की ठसे पुसट होतात, आधारच्या यंत्रावर अडकतात तसेच व्हिसा केंद्रातही अडकतात. आठवडाभर आधीपासून रात्री हाताला क्रीम चोळलं आणि जाताना हात कोमट पाण्याने धुतले तर फरक पडतो. युरोपात शिरतानाही आता पासपोर्टवर शिक्क्याच्या जागी चेहरा आणि चार बोटांचे ठसे घेणारी नवी पद्धत आली आहे. तिची सुरुवात 12 ऑक्टोबर 2025 ला झाली. पहिल्या वेळी रांगेत वेळ जातो, म्हणून पुढची गाडी किंवा जोडविमान घाईचं घेऊ नये.

आता खाऊ. बहिणीच्या मुलाकडे रिकाम्या हाताने कोण जाईल! पण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, पनीर, घरचं तूप यातलं काहीही नको. ताजी फळं-भाजीही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही, त्यामुळे हापूसची पेटी आणि कढीपत्ता दोन्ही घरीच ठेवायचे. नारळ, केळी, अननस, खजूर, ड्युरियन यांना या प्रमाणपत्रातून सूट आहे. आमच्या बॅगेत चकली, तेलातला चिवडा, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कोकम आणि शेंगदाण्याची चटणी होती. भाजणीला पिवळसर पिठाची पुडी म्हणून कोणी हटकू शकतं, म्हणून पाकिटावर इंग्रजीत नाव लिहून ठेवावं. लोणचं मात्र घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत, दोन पिशव्यांत गुंडाळून. हवेच्या दाबाने तेल बाहेर येतंच.

औषधं सगळी हातातल्या बॅगेत, मूळ पट्ट्यांसह, आणि डॉक्टरांची चिठ्ठी मूळ औषधाच्या नावाने. भारतातली ब्रँडची नावं तिथल्या औषधवाल्याला कळत नाहीत. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. दिवसातून एकदाच्या गोळ्यांना याचा फारसा त्रास नाही, पण इन्सुलिन आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्यावं.

व्हीलचेअर मागायला बरेच आई-बाबा लाजतात. "आम्ही काय पांगळे आहोत?" हे ठरलेलं उत्तर. स्किपोल विमानतळावर उतरल्यावर काही दरवाजांपासून पासपोर्ट तपासणीपर्यंतच लांबच लांब चालावं लागतं, म्हणून आग्रह धरावा. ही मदत युरोपीय नियमानुसार फुकट असते, मात्र निदान 48 तास आधी विमान कंपनीला कळवलं पाहिजे. तिकीट काढताना टाकलेली विनंती पुढे पोहोचली का, ते फोन करून पुन्हा विचारावं.

अ‍ॅमस्टेलवेन अ‍ॅमस्टरडॅमला अगदी चिकटून आहे आणि भारतीय कुटुंबं तिथे भरपूर आहेत. त्यामुळे पीठ, डाळी, भाज्या यांची चणचण नाही. अडचण येते ती घरातल्या जिन्याची. डच रांगेतल्या घरांत खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या आणि सर्वांत वर माळ्याची खोली. पाहुण्यांना बहुधा तीच मिळते. जिना अरुंद, पायऱ्या उंच आणि आतल्या बाजूला निमुळत्या, वळणावर तर अर्धंच पाऊल मावतं. उतरताना तोंड पायऱ्यांकडे करून, शिडीवरून उतरतात तसं उतरावं. संडास अनेकदा फक्त खालच्या आणि मधल्या मजल्यावर असतो. रात्री उठावं लागणाऱ्या माणसासाठी हे धोक्याचं आहे. यजमानाला आधीच विचारून मधल्या मजल्यावर झोपायची सोय करावी, नाहीतर खाली सोफा-कम-बेड. संकोच करू नये, त्यांच्याही ते लक्षात आलेलं नसतं. जिन्यात रात्रभर जळणारा छोटा दिवा आणि संडासात पाण्याचा मग, या दोन गोष्टी आम्ही सोबत नेल्या होत्या.

दोघं नोकरी करणाऱ्या घरात पाहुणे महिनाभर राहिले की कामाचा बोजा वाढतो, हे आपण ओळखायला हवं. स्वयंपाक आईने आपणहून हातात घेतला, पण आधी भाचेसुनेकडून इंडक्शनची शेगडी समजून घेतली. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापत नाही, बुडाला लोहचुंबक चिकटेल असंच भांडं लागतं. फोडणीचा धूर झाला की धुराचा अलार्म वाजतो, म्हणून चिमणी आधी चालू करायची आणि मग मोहरी टाकायची. कचरा वेगवेगळा करावा लागतो, बाटल्यांवर अनामत असते आणि ती दुकानातल्या यंत्रात बाटली टाकून परत मिळते. बाबांनी हे काम घेतलं आणि मनापासून केलं.

अ‍ॅमस्टेलवेनच्या बाजारपेठेजवळून 5 नंबरची ट्राम थेट संग्रहालयांच्या चौकाकडे जाते. गाडीत चढताना आणि उतरताना बँकेचं कार्ड यंत्राला लावायचं. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागतं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. उतरताना कार्ड लावायचं राहिलं तर खऱ्या भाड्यापेक्षा जास्त पैसे कापले जातात. रेल्वेला हाच नियम, फक्त यंत्रं फलाटावर किंवा फाटकाशी असतात, आणि कंपनी बदलली की आधीच्या कंपनीच्या यंत्रावर बाहेर पडून नव्या यंत्रावर आत शिरावं लागतं.

ट्राममधून उतरल्यावर पहिली नजर सायकलींकडे. लालसर डांबराचा पट्टा म्हणजे सायकलवाट. आपल्याला तो फुटपाथच वाटतो आणि आई-बाबा फोटो काढायला नेमके तिथेच उभे राहतात. सायकली वेगात असतात आणि घंटी वाजवली की तुम्ही बाजूला होणार हे गृहीत धरून येतात.

राइक्सम्युझियमला लिफ्ट आहेत, व्हीलचेअर मिळते आणि रेम्ब्राँचं 1642 सालचं 'नाइट वॉच' बघायचं म्हटलं तरी दोन तासांत निवांत होतं. अ‍ॅन फ्रँकचं घर मात्र विचार करून ठरवा. नाझींपासून ती जिथे लपली होती त्या खोल्यांकडे जाणारे जिने फार उभे आहेत आणि तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी उघडतात. गुडघे दुखत असतील तर त्यापेक्षा कालव्यांतली तासाभराची बोट सुखाची. बसून, छपराखाली, सतराव्या शतकातली घरं दोन्ही बाजूंना. ट्युलिपचं कोकेनहॉफ मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडं असतं. त्यासाठी स्किपोलहून थेट बस आहे आणि बागेतले मुख्य रस्ते सपाट आहेत. शनिवार-रविवार टाळा.

कोलोनला अ‍ॅमस्टरडॅमहून थेट आयसीई, म्हणजे जर्मन रेल्वेची जलद गाडी आहे, साधारण पावणेतीन ते तीन तास. जर्मन रेल्वेत तिकीट म्हणजे आसन नव्हे. आसनाचं आरक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि म्हाताऱ्या माणसांसाठी ते घ्यायलाच हवं. फलाटावर 'ए', 'बी', 'सी' असे भाग पाडलेले असतात आणि आपला डबा कोणत्या भागात येणार ते फलकावर दिसतं. तिथेच आधी जाऊन उभं राहायचं, कारण गाडी मोजकी मिनिटं थांबते आणि डबे कधीकधी उलट्या क्रमाने येतात. गाडी तासभर उशिरा पोहोचली तर भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तास उशिरा पोहोचली तर अर्धं भाडं मागता येतं.

स्टेशनाबाहेर पाऊल ठेवताच समोर कोलोनचं कॅथेड्रल उभं राहतं. 1248 साली सुरू झालेलं बांधकाम 1880 ला पुरं झालं, उंची 157 मीटर. मनोऱ्यावर जायला 533 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, तो मोह सोडायचा. आत बाकांवर हवा तेवढा वेळ बसता येतं. जवळच, टाउन हॉलसमोर, 1709 पासूनचं फरिनाचं अत्तरघर आहे. तापात कपाळावर कोलन वॉटरच्या पट्ट्या ठेवून वाढलेल्या पिढीला हे घर दाखवायलाच हवं. आई तिथे बराच वेळ रमली.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे दूध-भाजीची खरेदी शनिवारीच उरकावी. मोठ्या स्टेशनांतली दुकानं तेवढी उघडी मिळतात. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर भिंतीत खिळा ठोकणं, मिक्सर घरघरवणं टाळायचं. शेजारी तक्रार करतात आणि नंतर ती भाचीला निस्तरावी लागते. गप्पाही मग खिडक्या लावून.

कोलोनहून पॅरिसला थेट युरोस्टार आहे, ब्रसेल्समार्गे, सव्वातीन-साडेतीन तासांची. पॅरिसला आपलं कोणी नव्हतं, म्हणून हॉटेल. जुन्या इमारतींतली लिफ्ट दोन माणसांची असते आणि कधी ती अर्धा जिना चढून गेल्यावर सुरू होते. नोंदणीआधी हॉटेलला हाच प्रश्न लिहून विचारावा. शिवाय तिथला पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा.

पॅरिसची मेट्रो आई-बाबांसाठी नाही, असं माझं ठाम मत आहे. पूर्णपणे विनापायऱ्यांची एकच मार्गिका आहे, 14 नंबरची. बाकी ठिकाणी मार्गिका बदलताना भुयारी बोळ आणि जिने संपत नाहीत, आणि खिसेकापूही तिथेच. बस घ्या. चालक बटण दाबतो, मधल्या दारातून फळी बाहेर सरकते आणि पदपथाला टेकते, गुडघा उचलावाच लागत नाही. 69 नंबरची बस बास्तीय, लुव्र, ओर्से संग्रहालय, आंव्हालीद करत आयफेल टॉवरच्या मैदानापाशी पोहोचते. वेगळ्या पर्यटक बसची गरजच उरत नाही. बसचं आणि मेट्रोचं तिकीट आता वेगवेगळं आहे, एकावरून दुसऱ्यात बदल चालत नाही.

आयफेल टॉवरच्या लिफ्टची तिकिटं 60 दिवस आधी उघडतात, आणि दुसरा मजला पुरेसा आहे. लुव्र मंगळवारी बंद असतं, ओर्से सोमवारी. दोन्हींत एकच निवडायचं तर मी ओर्से सांगेन: जुन्या रेल्वे स्टेशनाची इमारत, एका छताखाली सगळं, बसायला जागा. नोत्र दामचं कॅथेड्रल 2019 च्या आगीनंतर डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा उघडलं. प्रवेशाला पैसे नाहीत, ते मागणारी संकेतस्थळं फसवी.

रस्त्यावरची करड्या रंगाची स्वच्छतागृहं फुकट आहेत. आधीचा माणूस बाहेर पडला की दार बंद होऊन आतली खोली आपोआप धुतली जाते. दार धरून लगेच आत शिरू नका, धुणं पूर्ण होऊन हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा. शाकाहारी जेवणासाठी गार द्यू नॉर स्टेशनाच्या मागे ला शापेलचा भाग गाठावा, तिथे तमिळ खानावळींत डोसा-इडली मिळते. मारे भागात फलाफल. फ्रेंच हॉटेलातलं भाज्यांचं सूप मात्र विचारून घ्यावं, त्यात मांसाचा अर्क असू शकतो.

परतीच्या खरेदीचं एक लक्षात असू द्या. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना व्हॅट परत मिळतो, पण बिल आई-बाबांच्या नावावर आणि पासपोर्ट दाखवून झालं पाहिजे, भाच्याच्या नावावर नाही. एका दुकानातली खरेदी नेदरलँड्समध्ये निदान 50 युरोची आणि फ्रान्समध्ये 100 युरोहून जास्त हवी. कागदावर मंजुरी मिळते ती संघातून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर. सीमाशुल्क अधिकारी वस्तू बघायला मागू शकतात, म्हणून त्या बॅगेत वरच ठेवाव्यात आणि बॅग चेक-इन करण्याआधी तो काउंटर गाठावा.